राजाच्या घोड्यापुढचं प्यादं

मी त्यांना ऑफिसात ‘सर’ म्हणायचे आणि लक्ष्मीबाई नगरच्या जिन्यावर ‘काका’. ते आमचे सेक्शन ऑफिसर. मी सांगलीहून नोकरी लागून दिल्लीत आले, त्यांच्याच सेक्शनला रुजू झाले आणि योगायोगाने क्वार्टरही त्यांच्या वरच्याच मजल्यावर मिळालं. सर आणि काका ही दोन वेगळी माणसं आहेत असं मला पहिलं वर्षभर वाटत राहिलं.

काका अगदी नियमाचे. आठ दहाची बस, आठ पाचला स्टॉपवर. आकाश स्वच्छ असलं तरी पिशवीत छत्री. नागपूरला जायचं असलं की दीड तास आधी स्टेशनवर हजर. काकू एका सरकारी हॉस्पिटलात नर्स होत्या. त्या म्हणायच्या, “लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, या माणसाने एकदाही नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने भाजी आणली नाही.”

आणि हाच माणूस लंचच्या सुट्टीत ऑफिसच्या लॉनवर बुद्धिबळाचा पट मांडला, की त्या दिवशी काय करेल याचा भरवसा नसे.

हिवाळ्यात आमच्या लॉनवर अर्धं मंत्रालय उन्हाला बसायचं. कुठे पत्त्यांचा डाव, कुठे मूंगफलीची टरफलं, कुठे स्वेटर विणणाऱ्या बायका. एका कोपऱ्यात सिमेंटच्या बाकावर सरांचा पट. मी पहिल्यांदा तिथे गेले ती डबा खाऊन झाल्यावर, सहज. सरांनी वर बघितलं आणि विचारलं, “येतं का?”

“थोडं थोडं.”

हे मी खोटं बोलले. मी शाळेत असताना जिल्ह्यातून खेळले होते. वडिलांनी क्लास लावला होता, क्लासचे मास्तर पहाटे घरी येऊन पहिल्या बारा-पंधरा चाली घोकून घ्यायचे. मी पंधराव्या वर्षी खेळणं सोडलं. एका स्पर्धेत हरले आणि परतीच्या बसमध्ये वडील सांगली येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, तेव्हा. त्यानंतर पटाला हात लावला नव्हता. पण त्या दिवशी ऊन चांगलं होतं, आणि समोरचा माणूस काही फार भारी वाटत नव्हता.

पांढरे मोहरे त्यांचे. त्यांनी राजाच्या घोड्यापुढचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं.

ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिल्याच चालीत हे प्यादं पुढे ढकलणं म्हणजे घराचं मागचं दार उघडं टाकून बाजारात जाणं. कोणी करत नाही. मी मनात हसले. मी वजिरासमोरचं प्यादं काढलं. त्यांनी त्या उघड्या दारात उंट बसवला. त्यांचं पुढे गेलेलं प्यादं आता फुकट पडलं होतं, माझ्या उंटाने ते खाल्लं. त्यांनी दुसऱ्या बाजूने आणखी एक प्यादं पुढे केलं. मी तेही खाल्लं. दोन प्यादी फुकटात. मग त्यांचा तो दारातला उंट तिरप्या रेषेत सरळ निघाला, माझं एक प्यादं गिळून माझ्या हत्तीसमोर उभा राहिला, आणि हत्तीला पळायला जागाच नव्हती.

पाचवी चालसुद्धा झाली नव्हती.

“अरे सर, ये कौन सी चाल है?” बाजूला उभ्या असलेल्या शर्माजींनी विचारलं.

“पता नहीं,” सर म्हणाले. “देखते हैं।”

मी तो डाव हरले. पुढचा आठवडाभर रोज हरले. रागारागाने जुन्या वह्या सांगलीहून मागवल्या. मग जिंकायला लागले, कारण खरं सांगायचं तर सर फार मोठे खेळाडू नव्हते. तीनपैकी दोन डाव ते हरायचेच. पण हरल्यावर त्यांचं जे व्हायचं ते मी दुसऱ्या कुणाचं होताना पाहिलेलं नाही. ते पटावर ओणवे व्हायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि मनापासून खूश होऊन म्हणायचे, “अच्छा! इथून येणार होतीस होय तू? हे मला दिसलंच नाही.” जसं काही मी त्यांना एखादी भेटवस्तू दिली आहे.

प्रत्येक उलट्या सुरुवातीची त्यांनी एक फाईल केली होती. खरोखरची, जुनी रद्द झालेली, लाल नाडीची. आत हिरव्या कागदावर ऑफिसच्याच भाषेत टिपणी. एकदा त्यांनी मला वाचायला दिली होती. ‘कडेच्या घोड्याने सुरुवात. सदर चालीमुळे घोड्याचा निम्मा जोर वाया जातो, ही बाब मान्य. तथापि समोरचा खेळाडू दोन मिनिटे गोंधळतो, असे निदर्शनास आले आहे. प्रस्ताव आणखी सहा डावांपर्यंत विचाराधीन ठेवावा.’ खाली सही आणि तारीख. दुसऱ्या एका फाईलवर फक्त एवढंच होतं: ‘राजाच्या उंटापुढचे प्यादे एक घर. अत्यंत वाईट. पुन्हा करून पाहावे.’

सुरुवातींना त्यांनी आपली नावं दिली होती. घोडा कडेने हळूहळू आत येतो ती ‘उशिरा आलेला हेडक्लार्क’. दोन्ही टोकांची प्यादी एकाच वेळी सुटतात ती ‘लाजपत नगर’, कारण त्या बाजारात म्हणे दोन्ही बाजूंनी माणसं अंगावर येतात. ज्या सुरुवातीने मला पहिल्या दिवशी लोळवलं तिचं नाव ‘मागचं दार’.

एकदा आमच्यातल्याच कुणीतरी मोबाईलवर शोधून त्यांना दाखवलं, की ‘मागचं दार’ ही चाल परदेशात पूर्वीच कुणीतरी खेळून ठेवली आहे, तिला त्या माणसाचं नावही आहे, तिच्यावर पुस्तकही आहे. त्या दिवशी सर खेळले नाहीत. बसमध्ये मला म्हणाले, “तिथेही कुणीतरी आधी जाऊन आलेलं आहे, बेटा.” दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याहून वाईट काहीतरी शोधून आणलं.

मोबाईलमधलं बुद्धिबळाचं मशीन त्यांच्या प्रत्येक चालीला नाक मुरडायचं. मी एकदा ते त्यांना दाखवलं. “मशीन म्हणतंय, तुम्ही पहिल्या चार चालींतच हरलात.”

“बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले. “पण माझ्यासमोर मशीन कुठे बसलंय? माझ्यासमोर शर्माजी बसलेत. आणि त्यांना दोन वाजता मीटिंग आहे.”

हे वेड आलं कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. शनिवार होता. कोपर्निकस मार्गावरच्या, महाराष्ट्रातून आलेले लोक उतरतात त्या जुन्या सदनात कुणा गाववाल्याला भेटायला ते आले होते, मीही काही कामाने त्याच बाजूला होते, आणि आम्ही तिथल्या कँटीनमध्ये पोहे खात बसलो होतो.

ते भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातले. वडील राईस मिलमध्ये हमाल. नागपूरला शिकायला आले ते समाजकल्याणच्या हॉस्टेलवर, आणि बुद्धिबळ तिथे शिकले. हॉस्टेलच्या पटात एक उंट कमी होता, त्या जागी बाटलीचं झाकण ठेवत. पुस्तक नव्हतं, शिकवणारा नव्हता. तरी हॉस्टेलात त्यांना कुणी हरवू शकत नसे. मग कॉलेजच्या स्पर्धेत त्यांचं नाव दिलं गेलं. समोर एक शहरातला मुलगा आला.

“नऊ चालींत हरलो,” काका म्हणाले. “नऊ. हरण्याचं काही नाही. पण तो मुलगा खेळताना पटाकडे बघतच नव्हता. मित्राशी सिनेमाच्या गप्पा मारत होता. मी दहा मिनिटं डोकं खाजवून चाल करायचो, तो लगेच उत्तर द्यायचा. मी नंतर त्याला विचारलं, तुला हे सुचलं कसं? तो म्हणाला, मला नाही सुचलं, पुस्तकात आहे.”

त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं.

“मला तेव्हा कळलं, की मी त्या मुलाशी खेळलोच नव्हतो. त्याने एक चालसुद्धा स्वतः केली नव्हती. मग मी ठरवलं, पुस्तक विकत घेणं काही आपल्याला जमणार नाही. पण जिथे पुस्तक संपतं तिथे माणसाला घेऊन जाणं जमेल. पहिल्याच चालीत. तिथे तोही नवा, मीही नवा. मग हरलो तर हरलो.”

मला माझ्या बारा-पंधरा घोकलेल्या चाली आठवल्या. त्यांनी मला टोमणा मारला नव्हता. टोमणा मारण्याची त्यांना सवयच नव्हती.

त्यांची मुलगी प्रज्ञा. एका बँकेत ऑफिसर, परीक्षा देऊन लागलेली. काकांना तिचा अभिमान इतका, की बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसालाही ते माहीत असायचं. पण प्रज्ञाने मला जिन्यावर एकदा वेगळंच सांगितलं होतं. तिच्या काउंटरवर एक म्हातारं जोडपं यायचं, दोघांनाही ऐकू येत नसे. त्यांना काय हवंय हे शाखेत कुणालाच समजायचं नाही, सगळे मोठ्याने ओरडून बोलायचे. तिने शनिवार-रविवारचा खुणांच्या भाषेचा क्लास लावला. दोन वर्षांत ती त्यात इतकी पुढे गेली, की आता तिला नोकरी सोडून पूर्ण वेळ दुभाषी व्हायचं होतं. त्यासाठी पूर्ण वेळाचा कोर्स करायचा होता. “बाबांना अजून सांगितलं नाही,” ती म्हणाली. “हिंमतच होत नाहीये यार.”

त्याच हिवाळ्यात आमच्या वेगवेगळ्या विभागांची बुद्धिबळ स्पर्धा होती. चौघांचा संघ. पहिल्या पटावर मी, तिसऱ्यावर सर. आम्ही कधी नव्हे ते शेवटच्या फेरीपर्यंत आलो. आदल्या दिवशी डायरेक्टर साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि सरांना म्हणाले, “कल प्लीज़ सीधा खेलिए। एक बार।”

संध्याकाळी जिन्यावर मी त्यांना गाठलं. विजेत्या संघाची ढाल डायरेक्टरला नव्हे, मला जिंकायची होती. सांगलीला फोन करून सांगायचं होतं.

“काका,” मी म्हटलं, “उद्या एकदाच. माझ्यासाठी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुझ्यासाठी?”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले आणि छत्रीची पिशवी या हातातून त्या हातात घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मी माझ्या पटावरून मान वळवून बघत होते. मग घोडा, मग उंट, मग किल्लेकोट, सगळं जिथल्या तिथे. मला आश्चर्य याचं वाटलं, की त्यांना हे सगळं येत होतं. पुस्तकातली एकूण एक चाल त्यांना पाठ होती, आणि आयुष्यभर त्यांनी ती वापरली नव्हती. समोरचा माणूस चांगला होता, पण सरांनी त्याला शांतपणे दाबत नेलं आणि एकतिसाव्या चालीला त्याने डाव सोडला. बाकी पटांवर आमची बरोबरी झाली होती. ढाल आम्हाला मिळाली ती सरांच्या डावामुळे.

टाळ्या झाल्या, मिठाई झाली, फोटो झाले. डायरेक्टर साहेब म्हणाले, “देखा? कितना आसान था।” प्रज्ञा अर्धी सुट्टी टाकून बाबांचा डाव बघायला आली होती. ती बाबांच्या समोरच्या बाजूला खुर्चीवर बसली होती आणि टाळ्या वाजवत नव्हती, एवढं मला आठवतं.

त्यानंतर तीन आठवडे सर लॉनवर आले नाहीत. डबा टेबलावरच खायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “काही नाही बेटा. डाव चांगला झाला. फक्त तो मी खेळलो नाही.”

रागावून म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

चौथ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, काकू वर आल्या. “खाली ये जरा. बापलेकीचं पेटलंय.”

खाली हॉलमध्ये प्रज्ञा उभी होती. काका खुर्चीत बसले होते आणि त्यांचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला.

“ये, तू सांग हिला,” ते मला म्हणाले. “पर्मनंट नोकरी सोडते म्हणते. हातवारे शिकायला.”

“तू सांग त्यांना,” प्रज्ञा म्हणाली.

मी म्हटलं, “पण काका, तुम्ही स्वतः कधी सरळ सुरुवात...”

“ते पटावर!” काकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “पटावर हरलं की मोहरे परत मांडता येतात. नोकरी सोडली की परत मांडता येते? आमच्या घरात महिन्याच्या एक तारखेला पगार आणणारा मी पहिला माणूस. माझ्या बापाने पाठीवर पोती वाहिली म्हणून मी पटावर वाट्टेल ते करू शकलो. घर पक्कं होतं म्हणून. हिला वाटतं, बाबा वेडंवाकडं खेळतात म्हणजे जगणंही तसं असतं.”

ते खोटं नव्हतं. काकू दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या.

प्रज्ञा त्यांच्यासमोर खाली बसली. “बाबा, स्पर्धेच्या दिवशी मी तुमच्या समोर येऊन बसले होते शेवटी. तुम्ही जिंकलात तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते.”

“मग?”

“मग काही नाही. तुमचा चेहरा बघितलाय मी. लोक टाळ्या वाजवत होते आणि तुम्ही टेबलाखाली चप्पल शोधत होतात. रोज संध्याकाळी ब्रँचमधून निघताना माझा चेहरा तसाच असतो. बिल्कुल तसाच. मला अजून तीस वर्षं तसा नको आहे.”

काका उठले, पायात चपला घातल्या आणि बाहेर पडले. दुपारच्या जेवणाला आले तेव्हा बोलले नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. ऑफिसात माझ्याकडे द्यायच्या फायली टेबलाच्या कडेला ठेवून जायचे.

पुढचं मला प्रज्ञाने सांगितलं. बुधवारी सकाळी ती बँकेत जायला निघाली, तर टेबलावर एक टाइप केलेला कागद. तिच्या राजीनाम्याचा मसुदा. कर्मचारी क्रमांक, योग्य मार्गाने, नोटीस पिरियडचा संदर्भ, नियमाचं कलम, ‘सेवेत असताना मिळालेल्या सहकार्याबद्दल आभारी आहे’, सगळं. तिने स्वतः लिहिलेला राजीनामा चार ओळींचा होता आणि त्यात नोटीस पिरियड चुकला होता.

“आपल्याला आवडो न आवडो,” काका चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “कागद तरी धड जाऊ दे. नाहीतर ते लोक रिलीव्हिंगला अडवतील.”

ती वाचत उभी राहिली. तिला म्हणे आधी हसू आलं आणि मग दुसरंच काहीतरी.

“सही पूर्ण नावाने कर,” काका म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली. मी त्यांच्या हाताखाली होते त्या सगळ्या वर्षांत ती एकच. तिच्याबरोबर बँकेपर्यंत गेले, ती आत कागद देईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले, आणि पोच घेतलेली प्रत तिच्याकडून घेऊन शिक्का नीट उमटलाय का ते उजेडात धरून पाहिलं.

पुढे ते निवृत्त झाले. क्वार्टर सुटलं, द्वारकेला एका सोसायटीत फ्लॅट घेतला. सोसायटीच्या बागेत त्यांनी नवे बळी शोधले. मी महिन्यातून एकदा मेट्रोने जाते. ते अजून तीनपैकी दोन डाव हरतात. सांगलीच्या वह्या मी रद्दीत दिल्या, पण त्याने माझा खेळ सुधारला असं मात्र नाही.

प्रज्ञाची पहिली दोन वर्षं वाईट गेली. कोर्स झाला, पण कामं कधी येत, कधी येत नसत. काका दर महिन्याला सरकारी भरतीच्या जाहिराती कापून तिच्या टेबलावर ठेवायचे. ती त्या न बोलता ड्रॉवरमध्ये टाकायची. आपलं चुकलं असं काका कधीही म्हणाले नाहीत, आणि माझ्या मते त्यांचं चुकलंही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मंडी हाऊसजवळच्या एका सभागृहात मधुमेहावर एका डॉक्टरचं व्याख्यान होतं. कर्णबधिर लोकांसाठी खास ठेवलेलं. दुभाषी प्रज्ञा. काकूंची ड्यूटी होती, म्हणून काकांनी मला फोन केला. “तू येशील का? एकट्याला जरा...” वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. डॉक्टर भराभर बोलणारा होता, मध्येच विनोद करायचा, मध्येच विषय सोडून आपल्या आजीची गोष्ट सांगायचा. प्रज्ञा त्याच्या बाजूला काळा कुर्ता घालून उभी होती. तिचे हात, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. एका विनोदाला समोरची दीडशे माणसं आवाज न करता हसली. मग एका बाईने उठून हातांनी लांबलचक प्रश्न विचारला. प्रज्ञा तिच्याकडे बघत होती, आणि तिचं संपण्याआधीच तो प्रश्न मोठ्याने हिंदीत डॉक्टरला सांगत होती. डॉक्टरने उत्तर दिलं. त्या बाईने मान हलवली, पुन्हा विचारलं. प्रज्ञाने पुन्हा सांगितलं. असं चार-पाच वेळा झालं, आणि शेवटी ती बाई समाधानाने खाली बसली.

काका तासभर पाठ न टेकता बसले होते. त्यांना त्यातली एकही खूण समजत नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही पायऱ्यांवर प्रज्ञाची वाट बघत थांबलो. ऊन उतरलं होतं. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“तू बघितलंस ना?” ते मला म्हणाले.

“काय काका?”

“तो डॉक्टर कुठून कुठे जात होता. ती बाई काय विचारेल काही पत्ता नव्हता.” त्यांनी चष्मा पुन्हा घातला. “पोरीच्या हातात एक कागद नव्हता. तासभरात एकदासुद्धा नाही.”

तेवढ्यात प्रज्ञा बाहेर आली. काका पुढे झाले, तिच्या खांद्यावरची जड बॅग काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मेट्रोच्या दिशेने आमच्या पुढे चालू लागले.